करोडगिरीपासून जागतिक व्यापारापर्यंत : नामपल्लीच्या नुमाइशची वाटचाल

1938 साली बाग-ए-आममध्ये, म्हणजे नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये, उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी हैदराबाद संस्थानात तयार होणाऱ्या मालाचे प्रदर्शन भरवले. नाव होते ‘नुमाइश मसनुआत-ए-मुल्की’, म्हणजे मुलखात तयार झालेल्या मालाचे प्रदर्शन. उद्घाटन सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी केले. पदवीधर संघटनेच्या आर्थिक समितीला खरे तर संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती. कोणत्या तालुक्यात काय पिकते, काय विणले जाते, ते कुठे खपते आणि बाहेरून काय येते, याची एकत्र नोंद त्यांना हवी होती. पाहणीला पैसा लागणार होता आणि लोकांना आपला माल डोळ्यांनी दिसायला हवा होता. दोन्ही गोष्टी प्रदर्शनाने साधतील, असा त्या तरुणांचा हिशेब होता. त्या वेळी हाताशी भांडवल अडीच रुपयांचे होते, असे नुमाइशच्या परंपरेत आजही सांगितले जाते.

आज दरवर्षी 1 जानेवारीला नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर नुमाइश सुरू होते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते. हैदराबादच्या मराठी घरांमध्ये ‘या वर्षी नुमाइशला गेलात की नाही?’ हा प्रश्न जानेवारीभर विचारला जातो. खरेदी, खाणे, पाळणे, गर्दीत हरवलेली मुले, ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या नावांचा पुकारा, या आठवणी सर्वांच्या आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहूनही झाले आहे. या स्मरणिकेत नुमाइशचा इतिहास लिहिताना मी मुद्दाम दुसरी बाजू घेतली आहे. हे प्रदर्शन व्यापाराच्या राजकारणातून जन्मले, त्याच राजकारणाने ते दोन वर्षे बंद पाडले, त्यानेच त्याचे नाव बदलले आणि आजही तिथल्या प्रत्येक स्टॉलवर कोणता माल दिसणार हे बरेचसे तेच राजकारण ठरवते. या इतिहासात मराठवाडा आहे, सोलापूर आहे आणि हैदराबादची मराठी माणसेही आहेत.

आधी हैदराबाद संस्थानाची स्थिती समजून घ्यावी लागेल. संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, हाली सिक्का. स्वतःचे टपाल होते. 1930 साली विकत घेतलेली रेल्वेही संस्थानाची होती. स्वतःचे जकात खातेही होते, त्याला करोडगिरी म्हणत. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हा शब्द माहीत आहे, कारण सरहद्दीवरच्या प्रत्येक वाटेवर करोडगिरीचा नाका होता. परंतु एवढा सगळा सरंजाम असूनही परदेशी मालावर किती कर लावायचा, हे ठरवण्याचा अधिकार निजामाकडे नव्हता. 12 एप्रिल 1802 रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या व्यापारी तहाने दोन्ही मुलखांमधल्या मालावरचा कर शेकडा 5 वर बांधून टाकला होता. त्याच तहात निजामाला मछलीपट्टणम बंदराचा वापर करण्याची मुभा होती. पण बंदर कंपनीच्या ताब्यात, समुद्र कंपनीच्या ताब्यात, आणि हैदराबाद चारी बाजूंनी जमिनीने वेढलेले. त्यामुळे मुभेचा उपयोग कंपनीच्या मर्जीइतकाच होता.

तहावरची शाई वाळून सव्वाशे वर्षे झाली तरी ही अडचण सुटली नाही, उलट विसाव्या शतकात ती जास्त बोचू लागली. ब्रिटिश हिंदुस्थानात 1921 साली फिस्कल कमिशन नेमले गेले, 1923 पासून निवडक उद्योगांना संरक्षण देण्याचे धोरण आले आणि 1932 साली ओटावा इथे साम्राज्यांतर्गत सवलतीचा करार झाला. इंग्लंडच्या मालाला कमी जकात आणि इतरांच्या मालाला जास्त, असा तो मामला. जपानी कापडाचा लोंढा थोपवण्यासाठी ब्रिटिशेतर कापडावरची जकात 1932 मध्ये शेकडा 50 आणि 1933 मध्ये शेकडा 75 पर्यंत नेली गेली. लँकेशायरच्या कापडावर त्या वेळी शेकडा 25 होती. या साऱ्या निर्णयांत दिल्लीची विधिसभा बोलत होती, मुंबई-अहमदाबादचे गिरणीमालक बोलत होते, मँचेस्टरचे प्रतिनिधी बोलत होते. हैदराबादच्या प्रजेचा मात्र त्यात आवाज नव्हता, कर मात्र तिच्याकडून वसूल होत होता.

हे कसे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा जालन्याच्या एका कापड दुकानदाराने मुंबईत 100 रुपये कलदार किमतीचे कापड घेतले. कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया. परदेशी कापड असेल तर मुंबई बंदरावर भरलेली सागरी जकात त्या किमतीत आधीच मुरलेली असे. ती इंग्रज सरकारच्या तिजोरीत गेली. गठ्ठा मनमाडवरून गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने संस्थानात शिरला की करोडगिरीचा कर्मचारी बिजक मागे. सहा कलदारांचे सात हाली या भावाने 100 कलदारांचे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली होत. त्यावर शेकडा 5 प्रमाणे 5 रुपये 13 आणे 4 पै. एकाच कापडावर दोन सरकारांची वसुली, आणि दोन्ही वेळा पैसा शेवटी जालन्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून. कापूस, एरंडी, तेलबिया बाहेर पाठवतानाही करोडगिरी चुकत नसे. मराठवाड्याच्या कापूस उत्पादकाला मुंबईच्या बाजारात शेजारच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याशी भाव जुळवावा लागे आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या वाटेत असा नाका नव्हता.

संस्थानिकांची तक्रार अशी की, सागरी जकातीचा बोजा आमची प्रजा उचलते आणि तिचा वाटा आम्हाला मिळत नाही. 1927 साली नेमलेल्या बटलर समितीपुढे ती मांडली गेली आणि समितीने 1929 च्या अहवालात तिच्यातले तथ्य मान्य केले. नंतर संघराज्याच्या वाटाघाटींत हैदराबादचे प्रतिनिधी सर अकबर हैदरी यांनी हा विषय नेटाने लावून धरला. संघराज्य अस्तित्वातच आले नाही, त्यामुळे प्रश्न लोंबकळत राहिला.

नुमाइशची कल्पना या कोंडीतून आली, असे माझे मत आहे. जकातीची भिंत उंच करून आपल्या कारखान्यांना आणि कारागिरांना संरक्षण देणे हैदराबादला शक्य नव्हते. मग उरलेले मार्ग कोणते? एक, सरकारी भांडवल. 1929 साली एक कोटी रुपयांचा औद्योगिक निधी उभा करण्यात आला आणि त्यातून कारखान्यांना भागभांडवल व कर्ज मिळू लागले. वरंगळची आझम जाही मिल, बोधनचा साखर कारखाना, सिरपूरची कागद गिरणी ही त्या काळाची अपत्ये. दुसरा मार्ग लोकांच्या पसंतीचा. गिऱ्हाइकाने स्वखुशीने इथला माल घ्यावा, यासाठी तो त्याच्यासमोर मांडणे. तहात कुठेही प्रदर्शन भरवायला मनाई नव्हती. उस्मानियाच्या पदवीधरांनी हे नेमके ओळखले, म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते.

मराठी वाचकाला हा मार्ग नवा नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी 1890 साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. परकीय राज्य संरक्षक जकात लावणार नाही, तेव्हा उद्योगवाढीचे जेवढे म्हणून मार्ग आपल्या हाती आहेत तेवढे वापरले पाहिजेत, हा विचार रानडे यांच्या अर्थशास्त्रातून पुढे महाराष्ट्रात रुजला होता. सार्वजनिक काकांनी त्याआधीच स्वदेशीचे व्रत घेतले होते. हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी विवेक वर्धिनीसारख्या संस्थांतून तोच संस्कार इथल्या मराठी समाजात आणला. पुण्याची स्वदेशी आणि हैदराबादची मुल्की यांच्यात मात्र एक मोठा फरक होता. पुण्याची स्वदेशी साऱ्या हिंदुस्थानासाठी होती. 1938 च्या नुमाइशमध्ये संस्थानाच्या सरहद्दीबाहेरचा माल, मग तो शेजारचा असो की सातासमुद्रापारचा, बाहेरचाच होता.

याचा परिणाम कारागिरांच्या पातळीवर कसा दिसत होता, ते सोलापूरकडे पाहिले की कळते. सोलापूरच्या मागावर बसणारे पद्मशाली विणकर मूळचे तेलंगणातले, म्हणजे निजामाच्याच मुलखातून पोट भरायला गेलेले. घरात तेलुगू, बाजारात मराठी. त्यांनी विणलेली चादर त्यांच्याच मूळ गावी विकायला आणली की ती परमुलखी ठरे आणि तिच्यावर करोडगिरी लागे. त्याउलट नारायणपेठची साडी. नारायणपेठ संस्थानात, पण साडी नेसणाऱ्या निम्म्याअधिक बायका सरहद्दीपलीकडे, सोलापूर-पुण्याकडे. ती साडी नुमाइशमध्ये मुल्की म्हणून मिरवली जाऊ शकत होती, परंतु तिचा खरा बाजार नाक्याच्या बाहेर होता. औरंगाबादचा हिमरू, पैठणची पैठणी, बीदरचे बिदरीकाम, निर्मलची लाकडी खेळणी, करीमनगरची चांदीच्या तारेची कलाकुसर, या सर्व कारागिरांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले.

त्याच 1938 साली ऑक्टोबरमध्ये स्टेट काँग्रेसने, स्थापनेआधीच घातलेल्या बंदीला न जुमानता, सत्याग्रह सुरू केला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’वरून आंदोलन पेटले. मराठवाड्यात महाराष्ट्र परिषदेचे काम परतूरच्या 1937 च्या अधिवेशनापासून सुरू झालेच होते. म्हणजे ज्या वर्षी बाग-ए-आममध्ये मुल्की माल मांडला गेला, त्याच वर्षी या मुलखाचे राज्य कुणाचे असावे हा प्रश्न रस्त्यावर आला. नुमाइश भरवणारे तरुण आणि सत्याग्रही तरुण यांच्यात भिंत होती असे मात्र समजू नये. दोघांनाही आपल्या मुलखातले दारिद्र्य सलत होते. मार्ग निराळे होते.

पुढची काही वर्षे बाग-ए-आममध्ये गेली. महायुद्धाच्या काळात परदेशी माल येईनासा झाला, तेव्हा संस्थानातल्या कारखान्यांना अनायासे संरक्षण मिळाले. ऑल्विन मेटल वर्क्स आणि प्रागा टूल्स हे दोन कारखाने याच वर्षांत हैदराबादेत उभे राहिले. युद्धकाळात जहाजे बंद झाल्याने जे घडले ते शांततेच्या काळात तहामुळे घडू शकले नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रदर्शनाचा पसारा वाढला, बाग अपुरी पडू लागली. 1946 साली संस्थानाचे पंतप्रधान सर मिर्झा इस्माईल यांनी प्रदर्शनासाठी नामपल्लीतली सध्याची जागा दिली. 1907 पासूनचे नामपल्ली स्टेशन जवळ असल्यामुळे माल आणि माणसे दोन्ही थेट येऊ लागली. मैसूर आणि जयपूर या दोन्ही संस्थानांत मिर्झासाहेबांनी उद्योग आणि नगररचना यांचा ध्यास घेतला होता. हैदराबादेत ते जेमतेम नऊ-दहा महिने टिकले, पण नुमाइशची जागा त्यांच्यामुळे कायमची झाली.

जागा मिळाली आणि प्रदर्शन थांबले. 1947 आणि 1948 या दोन वर्षी नुमाइश भरलीच नाही. या दोन वर्षांचा इतिहास नुमाइशच्या गौरवग्रंथांत एका वाक्यात आटोपतात. मला तो इथे थोडा सविस्तर सांगायचा आहे, कारण व्यापारनीती आणि राजकारण एकमेकांत किती गुंतलेले असते हे या दोन वर्षांइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

15 ऑगस्ट 1947 नंतर निजामाला स्वतंत्र राहायचे होते. स्वतंत्र देशाला बंदर हवे, म्हणून पोर्तुगीजांकडून मार्मागोव्याचे बंदर मिळवण्याची खटपट झाली. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंधन घातले, दुसऱ्याने भारताचे चलन संस्थानात अवैध ठरवले. पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले. पंतप्रधानपदी आलेले मीर लायक अली स्वतः उद्योगपती होते. नाणे, धातू, कर्ज आणि बंदर या चारही गोष्टी व्यापाराच्या, आणि या चारींमुळे दिल्लीशी संबंध ताणले गेले. 1948 मध्ये भारताकडून आर्थिक नाकेबंदी झाली. पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग येईनासे झाले. नाकेबंदीचे चटके निजामाच्या महालाआधी सामान्य घरांना बसले, हे दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांनी मान्य केले पाहिजे.

इकडे सरहद्दीवर वेगळेच चालले होते. स्टेट काँग्रेसच्या लढ्यात करोडगिरी न भरणे, लेव्हीचे धान्य न देणे हे कार्यक्रम होते. सरहद्दीवरच्या मुक्तिसंग्रामाच्या छावण्यांतून येणाऱ्या तरुणांनी करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले. मराठवाड्याच्या गावोगावच्या आठवणींत हे प्रसंग आहेत. पोलीस ठाण्याच्या बरोबरीने जकात नाक्यावर राग का निघाला? कारण निजामाच्या राज्यसत्तेशी शेतकऱ्याचा रोजचा संबंध तिथेच येत असे. बैलगाडी अडवली जाई, पोती उघडली जात, बिजकावर वाद होत, आणि पाचाच्या जागी किती द्यावे लागेल हे नाक्यावरच्या माणसाच्या मनावर असे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात जकात म्हणजे शेकडा प्रमाण असते. परांडा-बार्शीच्या वाटेवर तिला चेहरा, काठी आणि शिक्का होता.

13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांच्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. 1949 साली नुमाइश पुन्हा भरली तेव्हा उद्घाटनाला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते. ‘मसनुआत-ए-मुल्की’ जाऊन ‘ऑल इंडिया इंडस्ट्रियल एक्झिबिशन’ हे नाव आले. आता सोलापूरची चादर परकी राहिली नव्हती. काश्मीरचे शालवाले, लखनौचे चिकनवाले, फिरोजाबादच्या बांगड्या, साऱ्यांसाठी मैदान मोकळे झाले.

करोडगिरी मात्र लगेच गेली नाही, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्यघटनेच्या कलम 301 ने देशभरातला व्यापार मोकळा केला, पण मूळ घटनेतल्या कलम 306 ने हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातल्या राज्यांना केंद्राशी करार करून दहा वर्षांपर्यंत अशी जकात चालू ठेवण्याची मुभा दिली होती. हैदराबादच्या महसुलाचा तो मोठा आधार होता, एकदम काढला असता तर शाळा-दवाखाने बंद पडले असते. टप्प्याटप्प्याने ती संपली आणि 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलमही वगळले गेले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पैठणी आणि हिमरू नुमाइशमध्ये आता शेजारच्या राज्यातून येऊ लागले, पण वाटेत नाका नव्हता. हाली सिक्काही 1959 मध्ये व्यवहारातून गेला. आपल्या दोन पिढ्यांनी ज्या भिंतीला रोज डोके आपटले ती भिंत अशी हळूहळू विरघळली.

पुढच्या साडेतीन दशकांत देशाने नवी, बाहेरची भिंत उभारली. आयात परवान्याशिवाय काहीच आत येत नव्हते. परवाना मिळवणे हेच एक राजकारण झाले. हैदराबादला या धोरणाचा लाभ झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भेल, ईसीआयएल, आयडीपीएल ही केंद्राची मोठी कामे इथे आली. आयडीपीएलमध्ये शिकलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी, 1970 च्या पेटंट कायद्याच्या आधारे, इथला औषध उद्योग उभा केला आणि आज तो जगभर औषधे पाठवतो. नुमाइशमध्ये त्या वर्षांत ऑल्विनचे फ्रिज, घड्याळे, देशी पंखे आणि शिलाई यंत्रे यांच्याभोवती गर्दी होई. प्रदर्शनाच्या उत्पन्नातून एक्झिबिशन सोसायटीने शिक्षणसंस्था काढल्या. नामपल्लीतच सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू महिला तंत्रनिकेतन उभे राहिले, आणि आज अशा अठराहून अधिक संस्था तेलंगणात आहेत. या महाविद्यालयांतून शिकलेल्या हजारो मुलींत मराठी मुलीही आहेत. मालाच्या विक्रीतून शाळा उभ्या राहाव्यात, हे संस्थापकांच्या पाहणीच्या स्वप्नाचेच पुढचे पाऊल होते.

1991 साली चित्र पालटले. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे याच हैदराबाद संस्थानात वाढलेले, निजामी राजवटीविरुद्ध लढलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले. मराठीवर त्यांचे इतके प्रभुत्व होते की हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’चा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. 1 आणि 3 जुलै 1991 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, 4 जुलैला व्यापार धोरणातले बदल जाहीर झाले. यंत्रे आणि कच्चा माल यांची आयात सुटली. तयार वस्तूंवरची बंधने मात्र राहिली. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, 1999 मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला आणि 1 एप्रिल 2000 व 1 एप्रिल 2001 या दोन टप्प्यांत उरलेल्या 1,429 वस्तूंवरची संख्यात्मक बंधने उठली.

नुमाइशच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला हा निकाल दोनेक वर्षांतच दिसला. खेळण्यांच्या स्टॉलवर निर्मलच्या लाकडी पोपटाशेजारी बॅटरीवर चालणारा चिनी पोपट येऊन बसला, आणि किंमत निम्मी. मुलांना दोष कसा द्यायचा? पुढे 2020 साली खेळण्यांवरचे आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झाले, 2021 पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला आणि 2023 मध्ये शुल्क 70 टक्क्यांवर गेले. 1802 च्या तहामुळे निजामाला जे करता आले नाही ते स्वतंत्र भारताला करता आले. निर्मलच्या कारागिराला त्याचा किती फायदा झाला हा वेगळा प्रश्न आहे, कारण आयात थांबली की रिकामी जागा बहुधा दिल्ली-नोएडाचा प्लास्टिक कारखाना भरून काढतो.

रेशमाचे उदाहरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. पैठणी, नारायणपेठ, गडवाल यांच्या विणकरांना धागा स्वस्त हवा असतो आणि चिनी धागा स्वस्त पडतो. कर्नाटक-आंध्रच्या रेशीम उत्पादक शेतकऱ्याला तोच धागा महाग व्हायला हवा असतो. 2011 च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचे शुल्क 30 वरून 5 टक्क्यांवर आणले, विणकर सुखावले. 2013 मध्ये ते 15 टक्के केले, शेतकरी सुखावले. बिदरीकामाचे कारागीर चांदीच्या भावाकडे डोळे लावून असतात. जुलै 2024 मध्ये चांदीवरचे आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आले. अक्रोड आणि बदामाची गोष्टही अशीच आहे. 2019 मध्ये अमेरिकेशी वाद झाला तेव्हा भारताने त्यांच्या अक्रोड-बदामावर जादा शुल्क लावले, 2023 मध्ये ते काढले. नुमाइशमध्ये काश्मीरहून येणाऱ्या सुकामेव्याच्या व्यापाऱ्याच्या वर्षाचा हिशेब त्या निर्णयावर हलतो. यातला एकही निर्णय या लोकांना विचारून झालेला नाही. स्वदेशी विरुद्ध परदेशी अशी सरळ विभागणी करून हा प्रश्न सुटत नाही. कोणत्या देशी माणसाचे संरक्षण कोणत्या देशी माणसाच्या खर्चाने करायचे, हे प्रत्येक शुल्काच्या मुळाशी असते, आणि ज्याची संघटना मोठी त्याचे म्हणणे दिल्लीत आधी पोहोचते. कारागिरांच्या बाजूने एक साधन मात्र याच जागतिक करारांतून मिळाले आहे. 1999 च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याखाली सोलापुरी चादर, पैठणी, बिदरी आणि नारायणपेठ साडी यांना जीआय नोंदणी मिळाली आहे. करोडगिरीच्या काळात जी सरहद्दीच्या दोन बाजूंना होती ती मंडळी आता एकाच कायद्याखाली आली. नोंदणी झाली तरी बनावट माल पकडायला कोणी जात नाही, ही तक्रार मात्र विणकर दरवर्षी करतात आणि ती खरी आहे.

30 जानेवारी 2019 च्या रात्री नुमाइशला मोठी आग लागली. शेकडो स्टॉल जळाले, सुदैवाने जीवितहानी झाली नाही, आणि थोड्याच दिवसांत प्रदर्शन पुन्हा उघडले. जळालेल्या मालात काश्मीरहून आणि उत्तर प्रदेशातून वर्षभराची पुंजी घालून आलेल्या लहान व्यापाऱ्यांचाही माल होता. करोनामुळे 2021 चे प्रदर्शन झाले नाही आणि 2022 मध्ये उद्घाटनानंतर लगेच बंद करावे लागले. या दोन प्रसंगांनंतर परत उभे राहण्याची जी जिद्द सोसायटीने आणि व्यापाऱ्यांनी दाखवली ती 1949 च्या पुनरारंभाला शोभणारी आहे.

आता सोसायटीकडे एक मागणे. 1938 च्या तरुणांनी प्रदर्शन भरवले ते पाहणीसाठी. आजही देशाच्या सर्व भागांतले कारागीर आणि लहान व्यापारी दीड महिना एकाच मैदानात असतात. त्यांच्याकडून कच्चा माल कुठून येतो, त्यावर काय शुल्क पडते, कोणता आयात माल त्यांना मारतो आणि कोणत्या आयातीवाचून त्यांचे चालत नाही, याची नोंद दरवर्षी सोसायटीच्या महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींनी घ्यावी आणि ती वाणिज्य मंत्रालयाकडे पाठवावी. दिल्लीत शुल्कावर चर्चा होते तेव्हा या माणसांच्या वतीने बोलणारा कागद टेबलावर असला पाहिजे. तो तयार करायला नामपल्लीइतकी सोयीची जागा देशात नाही.

दुसरे मागणे आपल्या मराठी कुटुंबांकडे. हैदराबादेत आणि मराठवाड्यात अनेक घरांच्या ट्रंकांत करोडगिरीच्या पावत्या, हाली हिशेबाच्या वह्या, जुन्या नुमाइशची माहितीपत्रके अजून पडून असतील. वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रती काढून मूळ कागद तारनाक्याच्या राज्य अभिलेखागाराकडे सोपवावेत. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी नाक्यावर काय मोजले, याचा पुरावा त्या कागदांतच आहे.